वॉर्डनसाहेबांची हरकत

जगातली यच्चयावत भांडणं, भाऊबंदक्या, काडीमोड आणि महायुद्धं एकाच कारणापायी होतात, ते म्हणजे माणसं अध्यक्षांची परवानगी न घेता बोलायला उभी राहतात, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी उभ्या आयुष्यात पाहिला. तो म्हणजे माझे नागपूरचे घरमालक. एकोणीसशे साठचं दशक अर्धंअधिक सरलं होतं. मी उमरेडच्या विणकराच्या घरातला. आजोबा आणि वडील मागावर बसले, मी खुर्चीवर बसायचं ठरवलं आणि सदर नावाच्या भागातल्या एका शाळेत इतिहासाचा मास्तर म्हणून लागलो. कुणीतरी सांगितलं म्हणून त्यांच्या मागच्या दोन खोल्या पाहायला गेलो, तर व्हरांड्यात एक उंच, किडकिडीत, काळ्या कोटातले गृहस्थ ताठ बसलेले. महिना मेचा, ऊन नागपूरचं, आणि अंगात कोट. मी म्हणालो, "खोल्या भाड्यानं द्यायच्या आहेत म्हणे." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "ही चौकशी आहे की सूचना?" मी गोंधळून म्हणालो, "सूचना." "अनुमोदक कोण?" माझ्याबरोबर छत्रीखेरीज कुणीच नव्हतं. तेवढ्यात आतून एक खणखणीत आवाज आला, "माझं अनुमोदन आहे! आधी त्या पोराले सावलीत तं बसू द्या!" अशा रीतीनं सूचना एकमतानं मंजूर झाली आणि मी त्या घरात राहायला आलो.

आतला तो आवाज त्यांच्या पत्नीचा. त्यांना मी काकू म्हणायचो. घरमालकांना मात्र काका म्हणायचं धाडस मला कधी झालं नाही. सगळी आळी त्यांना वॉर्डनसाहेब म्हणायची, मीही म्हणू लागलो. आमच्या भागातल्या मोठ्या दगडी चर्चचे ते वॉर्डन, म्हणजे मंडळीच्या, अर्थात चर्चच्या सभासदांच्या, कारभारावर लक्ष ठेवायला मंडळीनंच निवडलेले गृहस्थ. पण वॉर्डन म्हटलं की नागपूरकराला एकतर वसतिगृह आठवतं, नाहीतर जेल. एकदा खाप्याहून एक म्हातारा डबा घेऊन आला. त्याचा भाचा कसल्याशा मारामारीत सापडून जेलात होता आणि "वॉर्डनसाहेबाले भेटा, काम होते" असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. वॉर्डनसाहेबांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मग चर्चचा वॉर्डन हा प्राणी इंग्लंडात कसा निर्माण झाला, त्याचे अधिकार कोणते, कर्तव्यं कोणती, पाळकाशी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूशी, मतभेद झाल्यास त्यानं दाद कुठं मागायची, हे सगळं मुळापासून समजावून सांगितलं. म्हातारा मन लावून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "ते सगळं बरोबर आहे साहेब. पन डबा कधी पोचवता? भाजी इटून जाईन." वॉर्डनसाहेबांनी डब्याकडे पाहिलं. मग उठून कोटाची बटणं लावली, म्हाताऱ्याला सायकलरिक्षात घातलं आणि थेट जेलच्या फाटकावर गेले. तिथं त्यांनी कुणाला काय कलम सांगितलं देव जाणे, पण डबा पोचला, भेटही झाली. संध्याकाळी परत येऊन मला म्हणाले, "अधिकारकक्षेबाहेरचं काम होतं, मास्तर. पण भाजी वांग्याची होती."

त्यांची सारी हयात जुन्या सेक्रेटरिएटात गेली होती. नागपूर राजधानी होतं तोवर ते तिथं टिपणं लिहायचे, मसुदे तपासायचे. राज्यं नव्यानं आखली गेली, कचेऱ्या मुंबईला हलल्या, तेव्हा त्यांनी नागपूर सोडण्यापेक्षा नोकरी सोडली. ती जखम भरली नव्हती, पण तिच्यावर त्यांनी एक मलमपट्टी शोधून काढली होती. "राजधानी मुंबईले गेली," ते म्हणायचे, "विधानसभा हिवाळ्यात संत्री खायले येते अन् निघून जाते. पण बिशपची खुर्ची? ती जिथल्या तिथं आहे! ज्या चर्चमध्ये बिशपची खुर्ची, ते कॅथेड्रल. नागपूरची राजधानी गेली असं कोण म्हणते?" त्यांच्या बोलण्याची एक खूण होती. अधिकृत विधान असलं की ते छापील मराठीत बोलत, आणि राग, प्रेम किंवा भूक यांपैकी काहीही अनावर झालं की थेट नागपुरीत उतरत.

मी इतिहासाचा मास्तर, त्यामुळे सुरुवातीच्या दिवसांत एक आगाऊपणा केला. चहा पिताना सहज म्हणालो, "वॉर्डनसाहेब, तुमची अँग्लिकन मंडळी, इंग्रजांचा तो चर्चपंथ, निघाली ती एका राजाला दुसरं लग्न करायचं होतं आणि रोमचे पोप परवानगी देईनात म्हणून. खरं ना?" त्यांनी कप खाली ठेवला. कोट घातला. त्यांच्यासाठी तो कोट म्हणजे मल्लाचा लंगोट होता. पुढचे दोन तास मी ऐकत होतो. राजाचं लग्न हे निमित्त. मंडळी त्याच्या आधीपासून होतीच. राजानं फक्त रोमचा हुकूम झुगारला. उपासना लोकांच्या भाषेत आली. प्रार्थनापुस्तक छापलं गेलं. आणि पुढं हिंदुस्थानातली अँग्लिकन मंडळी तर देश स्वतंत्र होण्याच्या कितीतरी आधी लंडनच्या हुकमतीतून मोकळी झाली, तिची स्वतःची घटना झाली. "आमच्याकडे स्वराज्य तुमच्या आधी आलं," ते म्हणाले, "आणि एकही माणूस तुरुंगात न जाता! कारण प्रत्येक कागद वेळेत दाखल झाला होता." काकू दारात उभ्या राहून तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "काही म्हणा, आमची मंडळी कोणाच्या लग्नापायी नाही निघाली बाप्पा."

आणि इथंच त्या घरातली खरी मेख होती. काकू अँग्लिकन नव्हत्या. त्यांचं माहेर भिवापूरचं. वडील तिथं मिशनच्या शाळेत शिक्षक. आणि त्या घराण्याची नाळ स्कॉटलंडच्या मिशनऱ्यांनी काढलेल्या मंडळीशी. त्या मंडळीत बिशप नसतो. लोक आपल्यातून 'वडील' निवडतात, आणि ते वडील व पाळक एकत्र बसून कारभार करतात. वॉर्डनसाहेबांच्या लेखी बिशपविना मंडळी म्हणजे बिनाइंजिनाची गाडी. काकूंच्या लेखी बिशप म्हणजे गाडीच्या टपावर बसलेला माणूस, दिसतो सगळ्यांना, पण गाडी त्याच्यामुळे चालत नाही. "आमचे वडील निवडून येतात," त्या म्हणायच्या, "तुमच्यावानी वरून नाही पडत." मग वॉर्डनसाहेब समजावत, की बिशपच्या डोक्यावर आधीच्या बिशपनं हात ठेवलेले असतात, त्याच्या डोक्यावर त्याच्या आधीच्यानं, असं करत करत ते हात थेट प्रभूच्या शिष्यांपर्यंत जाऊन पोचतात, साखळी कुठंही तुटलेली नाही. काकू जन्मभर इस्पितळात नर्स होत्या. त्यांनी विचारलं, "एवढे हात! त्यात एखाद्यानं धुतले नसले तं?"

त्या दोघांची भेटही इस्पितळातली. वॉर्डनसाहेब तरुणपणी अपेंडिक्सचं दुखणं घेऊन भरती झाले होते. काकू सुई घेऊन आल्या तेव्हा त्यांनी विचारलं, "हे कुणाच्या आदेशान्वये?" काकू म्हणाल्या, "डॉक्टरच्या. पालथे व्हा." ही हकीकत मला सांगताना वॉर्डनसाहेब फार गंभीर झाले होते. "मास्तर, त्याच अवस्थेत मी विवाहाचा निर्णय घेतला. एवढं स्पष्ट उत्तर मला सेक्रेटरिएटात कधीही मिळालं नव्हतं."

घराचा कारभार ते मंडळीच्या घटनेप्रमाणे चालवत. त्यांच्या मंडळीत बिशप, पाळक आणि सामान्य सभासद अशी तीन गृहं असतात, आणि महत्त्वाच्या गोष्टीला तिन्ही गृहांची संमती लागते. आमच्या घरात बिशपांचं गृह म्हणजे ते स्वतः, सामान्य सभासद म्हणजे काकू, आणि पाळकांच्या गृहात त्यांनी मला बसवलं होतं. मी ख्रिस्ती नाही, याकडे मी त्यांचं लक्ष वेधलं. त्यावर "तात्पुरती व्यवस्था" असं उत्तर मिळालं आणि ती व्यवस्था मी तिथं असेपर्यंत टिकली. एका उन्हाळ्यात काकूंनी कूलर घ्यायची सूचना मांडली. वॉर्डनसाहेबांनी ती उपसमितीकडे पाठवली. उपसमितीत मीच होतो. मी अहवाल दिला की गरमी फार आहे. त्यावर दुसरं वाचन झालं, दुरुस्ती आली, वाळ्याच्या ताट्या कुणी भिजवायच्या यावर चर्चा तहकूब झाली. एके दिवशी दुपारी काकू डोक्यावर पदर घेऊन सीताबर्डीला गेल्या आणि ठेल्यावर कूलर लादून घेऊन आल्या. वॉर्डनसाहेब कॅथेड्रलमधून परतले तेव्हा खोलीत गारेगार वारा आणि वाळ्याचा वास. ते कूलरसमोर उभे राहिले. कोट काढला. बराच वेळ डोळे मिटून उभे होते. मग म्हणाले, "कार्योत्तर मंजुरी." आणि तिथंच आडवे झाले.

दर रविवारी सकाळी मात्र त्या घरावर एक चमत्कारिक शांतता पसरायची. दोघं न्हाऊन, इस्त्रीचे कपडे घालून एकाच सायकलरिक्षात बसायची. रिक्षा आधी काकूंच्या चर्चपाशी थांबे. काकू उतरत. वॉर्डनसाहेब रिक्षातच उभं राहून टोपी उचलत, ख्रिस्ती रिवाजानं म्हणत, "सलाम." काकूही म्हणत, "सलाम." आणि रिक्षा पुढं कॅथेड्रलकडे निघे. लग्नाला तीसेक वर्षं झाली असतील, मूलबाळ नव्हतं, घरात दोघंच. पण प्रभूच्या अखेरच्या भोजनाची आठवण म्हणून चर्चमध्ये घेतात ती प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारसाचा प्याला दोघांनी कधी एकत्र घेतला नव्हता. वॉर्डनसाहेबांच्या मंडळीचा नियम असा, की ज्याच्या डोक्यावर बिशपनं हात ठेवलेला नाही त्याला तिथं प्रभुभोजन मिळत नाही. काकूंनी बिशपचा हात ठेवून घेतला असता तर प्रश्न मिटला असता. त्या म्हणायच्या, "माह्या डोक्यावर माह्या बापानं हात ठेवला, तेवढा बस आहे मले." आणि काकूंच्या चर्चमध्ये जाऊन आपण घ्यावं, तर वॉर्डनसाहेबांना नियम आडवा येई. मी एकदा भोळेपणानं विचारलं, "एखाद्या दिवशी डोळेझाक नाही का करता येत?" ते म्हणाले, "कुणी? मीच तर वॉर्डन आहे."

अशात बातमी आली की नागपूरसकट उत्तर हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या मंडळ्या एक होणार. त्यात वॉर्डनसाहेबांची अँग्लिकन मंडळी होती आणि काकूंचीही होती. बिशप राहतील, पण निवडून येतील, वडीलही राहतील, पाळकांनी एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवायचे आणि सगळ्यांचं प्रभुभोजन एक. बोलणी म्हणे कित्येक वर्षं चालली होती, आता प्रत्येक धर्मप्रांताच्या, म्हणजे बिशपच्या इलाख्याच्या, परिषदेनं मत द्यायचं होतं. मला वाटलं, या घरात दिवाळी साजरी होईल. पण वॉर्डनसाहेब पेटून उठले. योजनेचा मसुदा त्यांनी इतक्या वेळा वाचला की झिजलेल्या पानांनाही एखादा कोट शिवावा, असं वाटावं. "एकमेकांच्या डोक्यावर हात!" ते व्हरांड्यात येरझारा घालत म्हणत. "कोणाचा हात आधी? अन् काहून? ज्याच्या डोक्यावर आधीच हात आहे त्याच्या डोक्यावर आणखी हात म्हणजे आधीचा हात बाद झाला का? याचं उत्तर कोणत्या कलमात आहे, दाखवा मले!" काकू म्हणायच्या, "एक व्हाले निघाले तं होऊ द्या ना. तुम्ही काहून मधात पाय घालून राहिले?" "मी पाय घालत नाही. मी प्रक्रिया तपासून राहिलो."

तपासता तपासता त्यांना सापडलं. एक दिवस जेवताना ते इतके खुशीत होते की काकूंनी ताप तर नाही ना म्हणून कपाळ चाचपलं. परिषदेच्या नियमानुसार अशा ठरावाची सूचना इंग्रजीबरोबर मराठीतही सभासदांना आधी मिळायला हवी होती. आमच्या धर्मप्रांतात खेड्यापाड्यांतून येणारे बरेच सभासद इंग्रजी न जाणणारे. आणि मराठी मसुदा छापखान्यातच अडकला होता. "सूचना सदोष!" वॉर्डनसाहेबांनी वरणात पोळी बुडवत जाहीर केलं. "मी सभेत फक्त उभं राहायचं. ठराव सहा महिने मागं." हे गुपित तोवर आम्हा तिघांखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं.  काकूंनी मला आणखी भात वाढला, वॉर्डनसाहेबांना विचारलंसुद्धा नाही.

परिषदेच्या आधीच्या महिन्यात काकूंना टायफॉइड झाला. दुखणं हट्टी निघालं. ज्या इस्पितळात त्यांनी जन्मभर इतरांची उशापायथ्याची सेवा केली, तिथंच त्या पडून राहिल्या. वॉर्डनसाहेब रोज कोट घालून जायचे, पलंगाशी बसायचे आणि ज्वराच्या तक्त्यात डॉक्टरांची सही आहे की नाही ते पाहायचे. एका दुपारी मी संत्री घेऊन गेलो होतो. काकूंच्या मंडळीचे पाळक त्यांना प्रभुभोजन द्यायला आले. पांढऱ्या रुमालात भाकर, लहानसा प्याला. पाळक मोठे भले गृहस्थ. त्यांनी प्रार्थनेला सुरुवात करण्याआधी वॉर्डनसाहेबांकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "आपणही घ्यावं, अशी माझी इच्छा आहे." वॉर्डनसाहेब उभे राहिले. त्यांचा हात कोटाच्या बटणाकडे गेला. "क्षमा असावी," ते म्हणाले, "नियमानं मला..." वाक्य पुरं झालं नाही. ते व्हरांड्यात निघून गेले. मीही मागोमाग गेलो. तिथं भिंतीवर रुग्णांना भेटण्याच्या वेळांचा फलक होता. तो ते वाचत उभे राहिले. दोन-चार ओळींचा फलक, पण आतली प्रार्थना संपेपर्यंत त्यांचं वाचन संपलं नाही. पाळक गेल्यावर आम्ही आत आलो. काकूंचा आवाज फार क्षीण झाला होता, पण धार शाबूत होती. त्या मला म्हणाल्या, "मास्तर, ह्यायले बाहेर काय वाचाले भेटलं एवढं?" वॉर्डनसाहेबांनी संत्रं सोलायला घेतलं. सोलून, शिरा काढून, एकेक फोड त्यांनी काकूंना भरवली. त्यानंतर त्या दिवशी ते छापील मराठीचा एक शब्द बोलले नाहीत.

काकू बऱ्या झाल्या. परिषदेच्या दिवशी ऑक्टोबरचं ऊन मी म्हणत होतं. वॉर्डनसाहेबांची घटनेची आणि नियमांची जाडजूड पुस्तकं पोचवायला मी बरोबर गेलो होतो, आणि अशक्तपणा असूनही काकू जेवणाचा डबा घेऊन आल्या होत्या. सभासद नसलेल्यांना आत मज्जाव, म्हणून आम्ही दोघं सभागृहाच्या उघड्या खिडकीखाली कडुनिंबाच्या सावलीत बसलो. आतलं सगळं ऐकू येत होतं, मान उंचावली की दिसतही होतं. बिशप अध्यक्षस्थानी होते. ठराव इंग्रजीतून वाचला गेला. पुढच्या बाकांवरचे लोक माना डोलावत होते, मागच्या बाकांवरचे एकमेकांकडे पाहत होते. मग बिशपांनी विचारलं, "ठरावाच्या वैधतेबाबत कुणाची काही हरकत?" आणि सवयीनं सगळ्या सभागृहाच्या माना एकाच दिशेला वळल्या. ज्यांना एकीकरण हवं होतं त्यांच्या चेहऱ्यावर काळजी, ज्यांना नको होतं त्यांच्या चेहऱ्यावर आशा. वॉर्डनसाहेब उभे राहिले. माझ्या शेजारी काकूंनी डब्याची कडी घट्ट धरली.

"अध्यक्षमहाराज," वॉर्डनसाहेब म्हणाले, "हरकतीचा मुद्दा आहे."  ते थांबले. एवढे थांबले की बिशपांनी "बोला" म्हटलं. "पंख्याच्या आवाजामुळे मागच्या बाकांवरील सभासदांना ठराव ऐकू आलेला नाही. तरी तो सावकाश, संपूर्ण, मराठीतून वाचून दाखवावा. कुणाला शंका असल्यास विचारू द्यावी. आणि तो सर्वांना समजला असून त्यावर आजच मत द्यायला सर्वांची संमती आहे, अशी नोंद करून मगच मतदान घ्यावं." एवढं बोलून ते खाली बसले.

मला क्षणभर उमगेना. मग हळूहळू लख्ख झालं. सगळ्यांना मराठीतून समजलं, आजच मत द्यायला सगळे राजी आहेत, असं एकदा नोंदलं गेलं, की सूचना वेळेत मिळाली नाही म्हणून कुरकुर करायला कुणी उरत नाही. सहा महिने ठराव मागं ढकलणारं ते भोक त्यांनी स्वतःच्या हातानं, नियमातल्याच दोऱ्यानं शिवून टाकलं होतं. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते आणि ओठ हसत होते. "पंखा?" त्या कुजबुजल्या. "मास्तर, लाइन तं सकाळपासून गेली आहे." मी मान उंचावून पाहिलं. छताचे सगळे पंखे लाकडासारखे निश्चल होते, आणि खुद्द बिशप कार्यक्रमपत्रिकेनं वारा घेत होते. त्यांनी एकदा वर पंख्याकडे पाहिलं, एकदा वॉर्डनसाहेबांकडे, आणि अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "मुद्दा मान्य."

मराठीतून वाचन झालं. खेड्यांतले ख्रिस्ती चर्चला देऊळच म्हणत; मागच्या बाकावरच्या एका खेडूत सभासदानं विचारलं, "म्हंजे आता आमच्या गावात येकच देऊळ, येकच पाळक?" उत्तर आलं, "हो." तो म्हणाला, "मंग हे आधीच काहून नाही केलं?" मतदानाला हात वर झाले. काळ्या कोटाची एक बाही इतरांपेक्षा जरा उशिरा वर गेली, पण गेली. परतताना रिक्षात काकू म्हणाल्या, "पंख्याचा आवाज फार होता म्हणे." वॉर्डनसाहेब समोर पाहत म्हणाले, "हाव. गजब."

पुढं यथावकाश मंडळ्या एक झाल्या. कॅथेड्रलमध्ये पहिलं एकत्र प्रभुभोजन होतं त्या रविवारी दोघांनी मलाही नेलं. मी मागच्या बाकावर बसलो. रिक्षा या वेळी एकाच ठिकाणी थांबली, पण आत गेल्यावर पुन्हा दोन वाटा: पुरुष डावीकडे, बाया उजवीकडे. प्रभुभोजनाला आधी पुरुष गेले, मग बाया उठल्या. रांगा लावायचं काम वॉर्डनचं. वॉर्डनसाहेबांनी सगळ्या पुरुषांना पुढं जाऊ दिलं, स्वतः थांबले, आणि बायांची रांग निघाली तशी गुपचूप काकूंच्या मागं जाऊन उभे राहिले. वेदीपुढं ते त्यांच्या शेजारी गुडघे टेकून बसले. मला पुढचं काकूंनी नंतर सांगितलं. त्या म्हणाल्या होत्या, "ही बायांची रांग आहे, जी." वॉर्डनसाहेबांनी विचारलं होतं, "हरकत आहे?" काकू म्हणाल्या होत्या, "नाही." प्याला आधी काकूंकडे आला, मग त्यांच्याकडे.

तुम्हाला वाटेल, यानंतर वॉर्डनसाहेब निवळले असतील. छे! नव्या मंडळीची नवी घटना छापून आली आणि त्यांना दुसरं तारुण्य फुटलं. ज्या योजनेला त्यांनी विरोध केला होता तिचं एकही कलम कुणी मोडू नये म्हणून ते आता डोळ्यांत तेल घालून बसले. बैठकीला तीन माणसं कमी असली तर ते चौथ्याला घरी पाठवत, म्हणजे गणपूर्ती झालीच नाही हे स्पष्ट दिसावं. काकूंना त्यांच्या जुन्या मंडळीनं समितीवर निवडून दिलं, आणि मग घरातल्या जेवणाला खऱ्या सभेचं रूप आलं. दोघांचं भांडण आता एकाच पुस्तकावरून चाले, ही प्रगतीच म्हणायची.

काही वर्षांनी माझी भंडाऱ्याला बदली झाली. पत्रं यायची, नाताळला काकूंच्या हातच्या करंज्या यायच्या. ऐंशीनंतरच्या एका हिवाळ्यात करंज्या आल्या नाहीत, काकू गेल्याची बातमी आली. मी पुढच्या आठवड्यात गेलो. वॉर्डनसाहेब व्हरांड्यातच होते. कोट होता, पण आता तो त्यांनाच मोठा वाटत होता. मी जवळ बसलो.  मग ते म्हणाले, मंडळ्या एक झाल्या, पण कबरस्तानं अजून जुन्या हिशेबानंच वेगळी आहेत. त्यांच्या बाजूच्या कबरस्तानात त्यांनी कधीच दोन जागा राखून ठेवल्या होत्या, शेजारीशेजारी. पण आजारपणात काकूंनी एकदा म्हटलं होतं की बापाजवळ पडून राहायला बरं वाटेल. म्हणून त्यांनी काकूंना काकूंच्या मंडळीच्या इथल्या जुन्या कबरस्तानात, म्हातारपणी नागपूरला येऊन राहिलेल्या त्यांच्या वडिलांच्या कबरीपाशी ठेवलं होतं. "मग आता तुमचं?" असं विचारायला माझी जीभ रेटेना. पण त्यांनी ते ओळखलं.

"अर्ज केला आहे," ते छापील मराठीत म्हणाले. "तिच्या शेजारची जागा मिळावी म्हणून. तिथं जुन्या घराण्यांनाच जागा देण्याचा प्रघात आहे. मी म्हटलं, एकीकरणानंतर अशी अट टिकत नाही. समितीनं विषय पुढच्या बैठकीवर ठेवला आहे. पाळक मला म्हणाले, वॉर्डनसाहेब, एवढी काय घाई?"

मी म्हणालो, "बरोबर आहे त्यांचं. तुम्हाला काय झालंय?"

त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि पुन्हा घातलाच नाही. फाटकाबाहेरून एक रिक्षा घंटी वाजवत गेली. तिच्याकडे पाहत ते म्हणाले, "मले घाई नाही, मास्तर. पण तिले वाट पाहाची सवय नाही ना."